‘ला’ आला म्हणून ‘टू’ येतोच असं नाही

अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर मराठी माळव्यात आली आणि धारला, तसंच देवासच्या थोरल्या-धाकट्या पातींच्या संस्थानांत रुजली. तिथल्या मराठी घरांतली मुलं आजही घरात ‘मला दे’ म्हणतात, बाजारात ‘मुझको दे’. ‘ला’ आणि ‘को’ एकाच चालीचे, त्यामुळे अडत नाही. अडतं ते इंग्रजीच्या वहीत. ‘देणं’, ‘सांगणं’, ‘पाठवणं’ अशा द्विकर्मक क्रियापदांबद्दल काही समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

गैरसमज : मराठीत ‘ला’ असला की इंग्रजीत ‘टू’ हवाच.

वस्तुस्थिती : ‘सरांनी मला प्रश्न विचारला’ याचं ‘सर आस्क्ड टू मी अ क्वेश्चन’ होत नाही, ‘आस्क्ड मी अ क्वेश्चन’ एवढंच पुरे. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’ यांचंही तसंच. माणूस आधी आला तर ‘टू’ नको : ‘गिव्ह मी द बुक’. वस्तू आधी आली तर हवा : ‘गिव्ह द बुक टू मी’.

गैरसमज : मग ‘टू’ गाळला की काम झालं.

वस्तुस्थिती : ‘एक्स्प्लेन मी’, ‘सजेस्ट मी’ ही वाक्यं रोज कानावर पडतात, पण प्रमाण इंग्रजीत ती चुकीची ठरतात. ‘एक्स्प्लेन इट टू मी’ म्हणावं लागतं. ‘डिस्क्राइब’ आणि ‘डोनेट’ याच पंगतीतले. टूविना चालणारी क्रियापदं बहुतेक छोटी, एका ठोक्यात उच्चारली जाणारी. अडून बसणारी बरीचशी लॅटिन-फ्रेंच घराण्यातली. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ही लॅटिन मुळाचेच, पण त्यांचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो आणि ‘ऑफर्ड मी अ जॉब’ बिनदिक्कत चालतं. हा कल झाला, कायदा नव्हे : ‘असाइन’चा आघात शेवटी असूनही ‘असाइन्ड मी अ टास्क’ बरोबर आहे.

गैरसमज : ‘टू’सह आणि ‘टू’विना, दोन्ही रचनांचा अर्थ तंतोतंत एकच.

वस्तुस्थिती : ‘काकूला पार्सल पाठव’ आणि ‘धारला पार्सल पाठव’, मराठीत दोन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत ‘सेंड काकू द पार्सल’ ठीक, कारण पार्सल काकूच्या ताब्यात जाणार. ‘सेंड धार द पार्सल’ म्हटलं तर धार म्हणजे तिथलं ऑफिस किंवा तिथली माणसं, असाच अर्थ निघतो. गाव हे नुसतं ठिकाण असेल तर ‘टू धार’च हवं.

गैरसमज : ‘टू’ला पर्याय नाही.

वस्तुस्थिती : ‘आईने मला स्वेटर विणला’ इथे ‘निटेड अ स्वेटर फॉर मी’ येतं. करून देणं, विकत घेऊन देणं असेल तिथे ‘फॉर’.

गैरसमज : ‘आय वॉज गिव्हन अ प्राइज’ चूक आहे, कारण ‘मी’ दिला गेलो नाही.

वस्तुस्थिती : वाक्य शुद्ध आहे. मराठीत ‘मला बक्षीस दिलं गेलं’ म्हणताना ‘मला’ तसाच राहतो; इंग्रजीत घेणारा कर्ता होऊन पुढे येतो.

हे सगळं असं का? जुन्या इंग्रजीतही मराठीसारखे विभक्तिप्रत्यय होते. ते हळूहळू झिजले आणि कोणी कोणाला काय दिलं हे सांगण्याचं काम शब्दांच्या क्रमावर आणि ‘टू’वर पडलं.

इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येही एकवाक्यता नाही. पत्र लिही, एवढंच सांगायचं तर अमेरिकन माणूस ‘राइट मी’ म्हणतो, ब्रिटिश बहुधा ‘राइट टू मी’. ब्रिटिश लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. तिथून घरी धाडलेली त्यांची पत्रं १९५३च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आहेत. ते ब्रिटिश वळणाचं इंग्रजी. आज मोबाइलवरच्या मालिकांमधून मुलांच्या कानी अमेरिकन वळणही पडतं.

म्हणून नवं क्रियापद वहीत उतरवताना नुसता अर्थ लिहू नये. त्यापुढे ‘समवन समथिंग’, ‘समथिंग टू समवन’ की ‘समथिंग फॉर समवन’, हेही लिहून ठेवावं. शब्दकोशातल्या उदाहरणांत ते हमखास सापडतं.