आडनावामागचा प्रश्न आणि आमचे संशोधक

'आडनाव काय?' हा प्रश्न आपल्या समाजात कुणाला चुकला आहे? तोंडाने विचारतात आडनाव, हवी असते जात. बोललेले आणि अभिप्रेत यांतले हे अंतर तपासणारी भाषाविज्ञानाची शाखा म्हणजे प्रॅग्मॅटिक्स. 'वस्ती पाडण्यात आली' या वाक्यातून पाडणारा कसा निसटतो, हे वाक्यविचार दाखवतो. 'हरिजन' आणि 'दलित' यांच्या अर्थांत काय फरक, हे अर्थविचार सांगतो. जे आम्ही रोज भोगतो, त्याचेच हे शास्त्र. मग आमची मुले तिकडे का वळू नयेत?

वाट बंद नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज, हैदराबादचे इफ्लू, दिल्लीचे जेएनयू येथे भाषाविज्ञानात पीएच.डी. करता येते. नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. अनुसूचित जातींच्या उमेदवाराला एम.ए.ला ५० टक्के गुण पुरतात. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये झाली. ती हुकली तरी अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे. तिची निवडही नेटमधूनच होते. म्हणून तयारी नेटपासून करावी.

बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला. राज्य शासनाने तो १९९८ मध्ये सोळाव्या खंडात छापला. भाषेचा अभ्यास त्यांना गौण वाटला नाही. आम्हाला का वाटावा?

आमच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांना नुसत्या संतापाने उत्तर मिळत नाही. त्या बोलीचे नियम मांडूनच ते द्यावे लागेल, आणि ते आम्हीच मांडले पाहिजेत.