कातळशिल्प बघायला जाताय? आधी हे वाचा

रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर सध्या गाड्यांची वर्दळ वाढली आहे. कारण एकच, कातळशिल्पं! जांभ्या दगडात कोरलेली ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर तब्बल 18 मीटर लांबीचा असून त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात कुठंही नसलेला गेंडाही या कातळांवर सापडतो. 2022 मध्ये कोकणातली 9 ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली 7 आपल्या जिल्ह्यातली आहेत.

पण ही चित्रं भिंतीवर नाहीत, पायाखाली आहेत. काही रेघा जेमतेम बोटभर खोल. बूट घासले, गाडी वरून गेली की कडा झिजतात. जांभा मऊ, एकदा कड तुटली की ती परत जोडता येत नाही. म्हणून एवढं सांभाळा :

• चित्रावर पाय देऊ नका. कडेने फिरा. गाडी रस्त्यालाच ठेवा.

• फोटो उठून दिसावा म्हणून रेघांत चुना, खडू, रांगोळी भरू नका. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात सावली पडते आणि रेघा आपोआप उठतात.

• बरीच शिल्पं खासगी जमिनीत आहेत. मालकाला किंवा गावात विचारून जा. गडगा ओलांडू नका, बेडं उघडलंत तर परत लावा.

• सड्यावर सावली नाही. पाणी, टोपी घ्या. पावसात कातळावर शेवाळ असतं, पाय घसरतो. उन्हाळ्यात सुकलेल्या गवतात विडी-सिगारेट नको, वणवा लागायला ठिणगी पुरे.

आपल्याच जमिनीत नवीन चित्र दिसलं तर? पहार-फावड्याने साफ करू नका. मोबाईलवर फोटो काढा, जागेची खूण ठेवा आणि ग्रामपंचायत, तलाठी किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. चिरेखाण सुरू करण्याआधी, रस्ता काढण्याआधी सडा एकदा चालून बघा.

उक्षीत गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधला. आता लोक बाहेरून बघतात, चित्र शाबूत राहतं. पाहुणे आले तर गावात चहा-जेवणाचे चार पैसेही येतात. पण चित्रच पुसलं तर पाहुणा कशाला येईल?