तंबोऱ्याची घोडी बदलताना
नगर जिल्ह्यातील आपल्या सुतारकाम करणाऱ्या भाईंकडे तंबोऱ्याची घोडी बदलण्याचे काम आले, तर घाई करू नये, असे आम्ही सुचवतो. मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी उभा केला. तेथील सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

प्रथम जुन्या घोडीची जागा तबलीवर पेन्सिलीने आखावी, मगच तारा सैल कराव्यात. तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून धरावा आणि नव्या घोडीचे पाय त्यावर घासावेत. पाय पुरते टेकले नाहीत तर आवाज दबतो. जवारी शेवटी, तारा चढवून. आधी तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहावा, मगच कानस, तीही बेताने. जास्त घासले की घोडी वाया, आणि नवी आपल्याच खिशातून.