केळव्याच्या वाळूवरचं पहिलं विमान

रेडिओवर चालणारं मॉडेल विमान म्हटलं की डोळ्यांपुढे लढाऊ विमान येतं. माझ्याही आलं होतं. बोईसरला कारखान्यात नोकरी, सुट्टी शुक्रवारची. साठवलेल्या पैशांतून मी पहिलं आणलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती. केळव्याच्या किनाऱ्यावर दुपारी ते हवेत गेलं आणि काही सेकंदांत सुरूच्या झाडात शिरलं. पैशांचं वाईट वाटलंच. पण त्या झाडाखाली एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं आणि तुटलेला पंख त्यांच्या लहान मुलीपासून हातभर अंतरावर पडला. तिचे वडील काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पुढे वर्षभर मी रेडिओला हात लावला नाही.

म्हणून आता कुणी विचारलं, पहिलं विमान कोणतं घ्यावं, तर मी सांगतो, तुम्ही हात काढून घेतल्यावरही सरळ उडत राहील असं. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले. असं विमान एका अंगाला कललं की त्या बाजूला जरा घसरतं, घसरताना खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप सावरतं. लढाऊ विमानाला ही खोड नसते. तुम्ही कलवलंत तसंच ते कललेलं राहतं, आणि नवशिक्याला ते कळेपर्यंत जमीन आलेली असते.

दिसायला हे विमान बावळट असतं, पण चालेल. पंखांचा पसारा मीटरभर किंवा थोडा जास्त, वजन किलोच्या आत, अंग फोमचं. बाल्सा लाकडाचं विमान सुंदर खरं, पण फोमचा तुकडा गोंदाने संध्याकाळपर्यंत जोडता येतो. तीन चॅनेल पुरतात: मोटरचा वेग, शेपटीचं वर-खाली आणि डावं-उजवं. पूर्वी दोघांचे रेडिओ एकाच लहरीवर आले की एकाचं विमान हमखास पडायचं, २.४ गिगाहर्ट्झच्या संचांमुळे ती कटकट गेली.

उडवण्याआधी बॅटरी आत बसवून दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोला. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर ते समतोल राहायला हवं. नेमकी जागा माहितीपत्रकात असते. पुढे जड असलेलं विमान कसंबसं उडतं. मागे जड असलेलं एकदाच उडतं, असं या छंदातले जुने लोक म्हणतात.

आता वारा. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे आठवतात ना? थंडीच्या दिवसांत केळव्याला सकाळी मंद मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. ऊन तापलं की दहा-अकराच्या सुमारास तो फिरतो आणि खारा वारा सुरूच्या दिशेने ढकलू लागतो. माझं पहिलं विमान त्यानेच नेलं. मोटर बंद पडली तर सकाळी विमान समुद्रात जाईल, दुपारी माणसांवर. मी सकाळ निवडली. बुडालं तर माझं बुडेल.

मतलई वारा सुरूवरून येताना मात्र झाडांच्या पायथ्याशी भोवरे घेतो. तेव्हा झाडांपासून लांब, पाण्याच्या बाजूला उभं राहावं. त्यासाठी ओहोटी हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे पुरी ओहोटी सकाळी सहा-सातला येते. घट्ट वाळूचं मैदान मिळतं आणि माणसंही कमी. विमान वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे झाडांकडे तोंड करून सोडावं आणि बरंच उंच जाईपर्यंत वळवू नये.

हवेत गेल्यावर हात आवरणं हेच अवघड. खाली येतंय असं वाटलं की आपण घाबरून नाक वर खेचतो, वेग मरतो आणि विमान दगडासारखं पडतं. अशा वेळी नाक थोडं खाली करून वेग मिळू द्यायचा. दुसरी फसगत विमान आपल्याकडे तोंड करून येताना होते, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं. आपल्याला जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच बाजूला दांडी सारायची, टेकू दिल्यासारखी. हे संगणकावरच्या सिम्युलेटरवर आठवडाभर घोटावं. तिथे मी शेकडो वेळा पडलो, फुकटात.

आणखी एक. २०२१ चे ड्रोन नियम अशा मॉडेलांनाही धरून आहेत. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, आणि आधी सरकारी नकाशावर आपली जागा लाल, पिवळी की हिरवी हे पाहायचं. वर तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. आपल्या जिल्ह्यात हे पाहणं टाळता येत नाही.

उतरताना पोरं हमखास विमानाकडे धावतात. कुणी धावताना दिसलं की उतरवायचं नाही, मोटर वाढवून पुन्हा वर घ्यायचं आणि एक फेरी मारायची. त्यासाठी बॅटरीत शिल्लक लागते. माझी दहा मिनिटं चालते; मी सहाव्या मिनिटाला उतरायला लागतो.