मोटारीतली न दिसणारी झडप

मे महिन्यात विदर्भातल्या रस्त्यांवर मोटार चालवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. एसी चालू आहे, पंखा जोरात आहे, पण गारवा काही येत नाही. जुलैत घाटात दुसरी तक्रार ऐकू येते. समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, पुसावी तर पुन्हा धरते आणि पुढचे वळण दिसत नाही. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. पण पुष्कळदा दोन्हींच्या मुळाशी एकच वस्तू असते : डॅशबोर्डच्या पोटात बसवलेली, तळहाताहून थोडी मोठी अशी प्लास्टिकची झडप. गॅरेजमध्ये तिला ‘फ्लॅप’ म्हणतात.

मोटारीत हवा फेकणाऱ्या ब्लोअरला हवा घेण्यासाठी दोन वाटा असतात. एक बाहेरची, म्हणजे समोरच्या काचेच्या तळाशी वायपरजवळ जी जाळी असते तिथून. दुसरी आतली, डावीकडे बसणाऱ्याच्या पायांजवळून. एक वाट उघडायची आणि दुसरी बंद करायची, एवढेच या झडपेचे काम. ज्या बटणावर मोटारीचे चित्र आणि तिच्या पोटात वळलेला बाण असतो, ते बटण दाबले की आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते.

याचा फायदा साध्या हिशेबाने कळतो. बाहेर ४३ अंश तापमान आहे आणि मोटारीतली हवा एकदा २७ अंशांवर आली आहे. आता ही २७ अंशांची हवाच पुन्हा थंड करायची, की दर वेळी ४३ अंशांची नवी हवा आत घेऊन थंड करायची? झडप बाहेरच्या बाजूला उघडी अडकली, तर एसीच्या वाट्याला दुसरे काम येते आणि तो थकतो. इथे घाईने ‘गॅस भरून घ्या’ असा सल्ला मिळतो. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत तो थोडा झिरपतो हे खरे, पण त्याचा दाब न मोजताच तो भरणे म्हणजे ताप न पाहता औषध देण्यासारखे आहे.

झडप आतल्या बाजूला अडकली, तर त्रास उलटा होतो. माणसांच्या श्वासातला ओलावा आणि भिजलेल्या कपड्यांचा दमटपणा आतच कोंडून राहतो आणि गार काचेवर जमतो. लांबच्या प्रवासात चार माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही वाढत जातो. डोके जड होते, चालकाला पेंग येते. दोष जेवणावर ढकलला जातो.

तपासणी घरच्या घरी सुरू करता येते. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, पंखा जोरात ठेवा आणि ते बटण पाचसहा वेळा दाबा. झडप नीट हलत असेल, तर हवेच्या आवाजात फरक पडतो. आतली हवा घेताना आवाज मोठा होतो, कारण ब्लोअरचे तोंड मोटारीच्या आत उघडते. बटणावरचा दिवा लागला म्हणून मात्र खात्री धरू नका. अनेक मोटारींत तो दिवा हुकूम सुटला एवढेच सांगतो, तो पाळला गेला की नाही हे सांगत नाही. मग कागदी रुमाल डाव्या बाजूच्या पायांजवळच्या आतल्या जाळीशी धरा. आतली वाट उघडी असेल तर तो ओढला जातो, बंद असेल तर नुसता लोंबतो. दोन्ही स्थितींत रुमाल सारखाच वागला, तर झडप अडकली आहे.

स्वयंचलित एसीच्या मोटारीत एक खबरदारी घ्यावी. तिथे झडप कधी स्वतःहून जागा बदलते, आणि काचेवर हवा सोडण्याचे बटण दाबले की पुष्कळ मोटारी आपोआप बाहेरची हवा घेतात. तो बिघाड नव्हे.

पुढची तपासणी ग्लोव्ह बॉक्स खाली उतरवून करायची. जुन्या मोटारींत सरकत्या दांडीपासून झडपेपर्यंत तार जाते. ती सुटलेली किंवा गंजून घट्ट झालेली आढळते. नव्या मोटारींत छोटी मोटर असते. कोणीतरी बटण दाबावे, दुसऱ्याने पाहावे. मोटर मुळीच हलत नसेल, तर फ्यूज, मग तारेचा जोड, आणि मल्टिमीटरने विजेचा पुरवठा पाहावा. वीज पोचते आणि तरीही मोटर गप्प, तर मोटर गेली. ‘टक-टक’ आवाज येत असेल, तर बहुधा आतल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात तुटले आहेत. मोटर फिरते पण झडप हलत नाही, तेव्हा मधला दांडा तुटला असेल, किंवा जाळीतून आलेली पाने, काड्या, क्वचित उंदराचे घरटे वाटेत असेल. झडपेच्या कडेची फोमची पट्टीही कालांतराने कुजते. हवेच्या जाळीतून काळे कण बाहेर पडू लागले, तर ती खूण समजावी. अशी झडप हलते, पण पुरती मिटत नाही. पुढच्या ट्रकचा धूर आत येतच राहतो.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. मोटर जोडलेली असताना झडप हाताने रेटू नये, चांगले दात तुटतात. आणि एअरबॅग असलेल्या मोटारीत बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय डॅशबोर्ड उघडू नये. पुस्तिकेत दिलेली वेळ पाळावी.

नवी मोटर बसवल्यावर काही मोटारींत झडपेच्या दोन टोकांची ओळख यंत्रणेला पुन्हा करून द्यावी लागते. ते न केल्यास नवी मोटरही अर्ध्यातच थांबते आणि गिऱ्हाईक समजते, माल खोटा निघाला. दुरुस्ती होईपर्यंत काचेवर वाफ धरलीच, तर एसी चालू ठेवून खिडकी बोटभर खाली करावी; एसीमुळे ओलावा कमी होतो. इंजिन चालू ठेवून बंद मोटारीत झोपणे कोणत्याही स्थितीत टाळावे, कारण झडप ‘आत’ असली तरी मोटार हवाबंद नसते आणि धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.