बिनकचेरीचे न्यायासन

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. आज ती यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांची हद्द आहे. 1948 पर्यंत ती दोन कायद्यांची हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, इथला कारभार 1853 पासून इंग्रजांच्या हाती, त्यामुळे इथल्या भांडणाला इंग्रजी कायदा. पलीकडे हदगाव, वाढोणा हा निजामाचा मुलूख. तिथे निजामाचे अंमलदार आणि उर्दूतले कागद. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर. अशा काठावरच्या माणसाला राज्य म्हणजे काय हे नकाशावरून शिकावे लागत नाही. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला गेला, बैल चोरीला गेला, तर फिर्याद कुणाच्या दारात न्यायची, यावरून त्याला आपले राज्य कळते.

नुसते राज्य जाहीर केल्याने मात्र असे दार उभे राहत नाही. जगात हौसेने किंवा हट्टाने स्थापन झालेली स्वयंघोषित राष्ट्रे बरीच आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ युद्धकाळात उभारलेला एक समुद्री मनोरा रॉय बेट्स यांनी 1967 मध्ये ताब्यात घेतला, ‘सीलँड’ नावाचे राष्ट्र जाहीर केले आणि 1975 मध्ये त्याची घटनाही लिहिली. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी बिनसलेल्या लिओनार्ड कॅसली यांनी 1970 मध्ये आपली जमीन ‘हट रिव्हर’ नावाने स्वतंत्र केली. ते राज्य 2020 मध्ये विसर्जित झाले. या राष्ट्रांकडे झेंडे होते, नाणी होती, टपाल तिकिटे होती. पण तिथे राहणारी माणसेच मूठभर, त्यामुळे कायद्यापुढे येणारी भांडणेही तेवढीच.

महाराष्ट्रात याच्या अगदी उलट घडले. 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात एक सरकार चालले. त्याचे ना नाणे होते, ना तिकीट, ना कचेरी. पण त्याच्या न्यायासनापुढे माणसे आपणहून फिर्यादी घेऊन येत होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे ते प्रतिसरकार. आपल्याकडे त्याच्या रेल्वे लुटीच्या आणि भूमिगतांच्या शौर्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला मात्र त्याचा सर्वांत मोठा पराक्रम त्याची न्यायदान मंडळे हा वाटतो.

हे न्यायासन एखाद्या योजनेतून जन्मले नाही, ते गरजेतून आले. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुके त्यात मोडत. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे काढले. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या. तिथे पडलेल्यांत किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनियर उमाशंकर पंड्या होते. यानंतर मोर्चांचा मार्ग बंद झाला आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. पोलीस त्यांच्या मागावर लागले, तसे गावोगावचे दरोडेखोर मोकाट सुटले. काहींनी तर चळवळीचेच नाव सांगून लोकांना लुबाडले. ज्यांच्या भाकरीवर भूमिगत जगत होते, त्यांच्याच घरांवर दरोडे पडू लागले. या दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे हे चळवळीचे पहिले राज्यकर्तव्य ठरले. ते पार पडताच लोकांनी पुढची भांडणे आणली: सावकाराकडची जमीन, भावकीतली वाटणी, टाकून दिलेली बायको. बंड करायला निघालेल्यांच्या पदरात लोकांनीच न्यायाचे काम टाकले.

हे काम पेलणारी माणसे शेतकऱ्यांच्या घरांतली होती. नाना पाटील 3 ऑगस्ट 1900 रोजी बहे-बोरगाव इथे जन्मले. येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. ते तलाठी होते. सातबाऱ्यावरची एक ओळ कुटुंबाला कशी उभी करते आणि कशी बुडवते, हे त्यांनी दप्तर हाताळताना पाहिले होते. 1930 च्या सत्याग्रहाच्या लाटेत त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांची जडणघडण सत्यशोधक विचारात झाली होती, आणि त्यांच्या अस्सल गावरान भाषणासाठी माणसे कोसभर चालत येत. त्यांच्यासोबत किसन वीर, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, नाथाजी लाड, पांडू मास्तर अशी फळी होती. नानांची कन्या हौसाताई पाटील आणि कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या स्त्रियाही या कामात होत्या. कामाचे गट भागवार वाटलेले होते आणि त्यांच्या पाठीशी तुफान सेना हे प्रशिक्षित तरुणांचे दल होते. या सरकारचा अंमल सुमारे सहाशे गावांत होता असे सांगितले जाते.

न्यायाची रीत साधी होती. फिर्याद तोंडी चाले. स्टॅम्प नाही, वकील नाही, तारीख नाही. गावातल्या विश्वासू माणसांची पंच कमिटी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवी. सुनावणी गावाच्या देखत होई. ज्या बांधाचे भांडण तो बांध सर्वांना ठाऊक असे, त्यामुळे खोटा साक्षीदार उभा करणे अवघड जाई. निकाल तिथल्या तिथे लागे. तालुक्याच्या कोर्टात चाललेला दावा शेतकऱ्याला वर्षानुवर्षे फिरवी आणि शेवटी जमीन जिंकणाऱ्याच्याही पदरी कर्ज उरे. पंचांपुढे तोच वाद बैठकीत मिटे, ही गोष्ट एका गावातून दुसऱ्या गावात पोहोचायला कुणा प्रचारकाची गरज नव्हती.

पुढे येणाऱ्या प्रकरणांत सावकारीचा भाग मोठा होता. गहाणखतात अडकलेली, व्याजाच्या फेऱ्यात गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळवून देण्याचे निवाडे झाले. बायकोला नांदवायला नकार देणाऱ्या नवऱ्याला बोलावणे जाई. स्त्रीची छेड काढणाऱ्याला गावासमोर उभे केले जाई. दारूबंदी होती. लग्नात कर्ज काढून उधळपट्टी होऊ नये म्हणून थोड्या खर्चात, भटजीवाचून, बऱ्याचदा सामुदायिक पद्धतीने ‘गांधी लग्ने’ लावली जात. सत्यशोधकांनी पेरलेला विचार इथे प्रत्यक्ष कायदा म्हणून उगवला.

गावाने न्याय करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसत, साक्षीपुरावे घेत आणि निवाड्याचा महजर लिहून देत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नोंदवले होते. पण जुन्या गोतसभेत बसण्याचा मान वतनाने आणि जातीने मिळे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आपापल्या परंपरागत जागी बसत. प्रतिसरकारच्या पंचाला असे वतन नव्हते. तो गावाच्या विश्वासावर त्या जागी येई आणि त्याच विश्वासावर टिके. जुनी पंचायत आणि लोकशाही यांच्यामधला हा दुवा मला अत्यंत मोलाचा वाटतो.

या न्यायाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. माफी, भरपाई, दंड आणि बहिष्कार यांपलीकडे गुंडांना, खबऱ्यांना आणि अत्याचाऱ्यांना ‘पत्र्या मारणे’ ही शिक्षा होती. माणसाला बांधून त्याच्या तळपायांवर काठीचे तडाखे दिले जात. लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव बसले ते या धाकामुळे, असे सांगितले जाते. काही दरोडेखोर आणि खबरे जिवालाही मुकले. ज्या सरकारकडे तुरुंग नाही, त्याला शिक्षा शरीरावरच द्यावी लागते, हे खरे. पण आरोपीला पकडणारे, त्याचा न्याय करणारे आणि त्याला शिक्षा देणारे सगळे एकाच चळवळीचे असत. आरोपीच्या बाजूने बोलणारा स्वतंत्र माणूस नव्हता, निकालावर बाहेरून नजर टाकणारे कुणी नव्हते. पंच प्रामाणिक असतील तोवर ही व्यवस्था लोकांची ढाल होती. त्यांचा तोल गेला, तर तीच काठी होऊन कुणाच्याही पाठीवर पडू शकली असती. घटनेने स्वतंत्र न्यायसंस्था आणि अपिलाचा हक्क दिला, त्याची किंमत या तळपायांकडे पाहिल्यावर कळते.

1946 मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात सत्तेवर आले, पकड वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना पाटील जाहीरपणे लोकांत आले. प्रतिसरकार विसर्जित झाले. त्यातल्या काहींनी लगेच दुसरा मोर्चा धरला: नागनाथअण्णा आणि जी. डी. बापूंसारखे कार्यकर्ते निजामविरोधी लढ्याच्या मदतीला गेले. त्याच लढ्याचा एक कॅम्प आमच्या उमरखेडला होता आणि पैनगंगेपलीकडच्या गावांत तिथून कारवाया होत. पुढे नाना पाटील 1957 मध्ये साताऱ्यातून आणि 1967 मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. बिनकचेरीच्या सरकारचा हा नेता देशाच्या कायदेमंडळात मराठीतून बोलला.

त्या न्यायदान मंडळांचे पुढे काय झाले, याचे उत्तर आज गावोगाव सापडते. 15 ऑगस्ट 2007 रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ती आणणारे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, म्हणजे प्रतिसरकारच्याच मुलखातले. त्यानंतर 2 ऑक्टोबर 2009 पासून देशात ग्रामन्यायालयांचा कायदा लागू झाला. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावात जाऊन सुनावणी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. न्याय माणसाच्या दाराशी यावा, ही साताऱ्याची मागणी आता कायद्याच्या पुस्तकात आहे आणि तिच्या जोडीला अपिलाची वाटही आहे.

पण पुस्तकातली तरतूद आणि बांधावरचा निवाडा यांत अजून बरेच अंतर आहे. ढाणकीच्या आसपासचा शेतकरी धुऱ्याच्या वादासाठी उमरखेड, पुसद, यवतमाळ अशा खेपा घालतो. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी जाते, आणि ज्याच्याकडे खेपा घालण्याची ऐपत जास्त त्याची बाजू आपोआप भक्कम होते. अनेक गावांत तंटामुक्त समितीचे अध्यक्षपद राजकीय सोय लावण्यापुरते उरले आहे. त्या खुर्चीत कोण बसतो याची चौकशी आपण सरपंचाच्या निवडणुकीइतक्याच गांभीर्याने करायला हवी. ती खुर्ची 1943 च्या पंचांची वारस आहे. सावकाराच्या रोषाची आणि पोलिसांच्या गोळीची भीती डोक्यावर असताना त्या पंचांनी आपल्या शेजाऱ्याला न्याय दिला. आपल्याला तर घटनेचे संरक्षण आहे, कायद्याचा आधार आहे, चूक झाली तर दुरुस्तीची सोय आहे. एवढे हाताशी असताना ग्रामसभेत बसून प्रामाणिक, निर्भय आणि कुणाच्या दावणीला न बांधलेली माणसे त्या समितीवर निवडणे हे आपले काम आहे, आणि ते दुसरे कुणी येऊन करणार नाही.