संगणकावरचा लिलाव : संशयास्पद बोली कशी ओळखावी?

स्मरणिकेसाठी 'बँकेतला माणूस आहेस, लोकांच्या उपयोगाचे काही लिही' असा संपादक मंडळातील मित्रांनी आग्रह धरला. मी कला शाखेचा पदवीधर, आकडेमोड नोकरीत येऊन शिकलो. मोठे अर्थशास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ओळखीतल्या दोन घरांवर बँकेच्या लिलावाची नोटीस चिकटलेली मी पाहिली आहे. त्या लिलावात नेमके काय चालते हे घरमालकालाही ठाऊक नसते आणि घर घेऊ पाहणाऱ्यालाही नसते. म्हणून हा विषय निवडला.

लिलाव आपल्या कोल्हापूरकरांना नवा नाही. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे आपण लहानपणापासून पाहिले. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून दर ठरवणारे दलालही पाहिले. चार खरेदीदारांनी आधीच चहाच्या टपरीवर 'आज तू घे, उद्या मी घेतो' असे ठरवले, की बोली नावालाच राहते, हेही आपल्याला ठाऊक आहे. ही साखळी संगणकाने तुटेल अशी अपेक्षा होती. शेतमालासाठी 'ई-नाम' ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी सुरू झाली, तीही याच अपेक्षेने. कोण किती बोलला हे शेजाऱ्याला दिसले नाही तर संगनमत कसे होणार, असा विचार त्यामागे होता. पण पडद्यावर नाव दिसत नसले तरी खिशात मोबाईल असतोच!

आता बँकेकडे वळू. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही हा वाद बरीच वर्षे चालला. तो मिटला आपल्याच जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 'लागू आहे' असा निर्णय दिला. शेतजमीन मात्र या कायद्यातून वगळलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी जानेवारी २०२५ मध्ये 'बँकनेट' हे संकेतस्थळ सुरू झाले.

पद्धत साधारण अशी. प्रथम कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. पैसे आले नाहीत तर बँक मालमत्तेचा ताबा घेते. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून राखीव किंमत ठरते. विक्रीची ३० दिवसांची नोटीस निघते. ती दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापावी लागते. बोलणाऱ्याने बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के अनामत आधी भरायची असते. ठरलेल्या तासात बोली चालते. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोलले तर वेळ आणखी पाच मिनिटे वाढते. बोली ज्याची ठरेल त्याने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के आणि उरलेली रक्कम साधारण १५ दिवसांत भरायची.

खोट्या बोलीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात विकणाराच आपली माणसे बसवून किंमत चढवतो. अमेरिकेत २००० साली 'ईबे'वर एका चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. विकणाऱ्याने स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावली होती असे निघाले आणि सौदा रद्द झाला. आपल्याकडे १९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ अशी बनावट बोली लावलेली विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला देते. संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा हा कायदा आहे! जुन्या वस्तू, नाणी, चित्रे घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. एकच प्रतिस्पर्धी प्रत्येक वेळी तुमच्या थोडा वर येऊन थांबत असेल आणि शेवटी कधीच जिंकत नसेल, तर हात आखडता घ्यावा.

दुसरा प्रकार उलटा, किंमत खाली दाबून ठेवण्याचा. घराच्या लिलावात धोका मुख्यतः याचाच असतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थाच्या घराची राखीव किंमत २४ लाख होती आणि बोलीची वाढ २५ हजारांची. बँकेचे नाव येथे नको. अनामत तिघांनी भरली, पण बोलला एकच. २४ लाख २५ हजारांवर घर गेले. उरलेले दोघे तासभर गप्प बसले. अडीच लाखांच्या आसपास अनामत भरून एकदाही न बोलणारा माणूस लिलावाला आला तरी कशाला? नंतर कळले, की तिघांपैकी दोघांचा पत्ता एकाच दुकानाचा. आजूबाजूला तसलीच घरे ३२-३३ लाखांना जात होती. कर्ज ३० लाखांचे होते. घर गेले आणि वर पावणेसहा लाख डोक्यावर राहिले. विक्रीतून पैसे कमी पडले तर उरलेली बाकी कर्जदाराकडूनच वसूल होते. जास्त आले तर वाढावा त्याला परत मिळतो. म्हणून बोली किती चढते याच्याशी बँकेपेक्षा घरमालकाचाच संबंध अधिक असतो.

एकाच बोलीत विक्री झाली म्हणजे लबाडी झालीच असे मात्र नव्हे. कधी खरोखरच गिऱ्हाईक नसते. पण दोन बोलीदारांचा मोबाईल, ई-मेल वा पत्ता एकच असणे, अनामत एकाच खात्यातून येणे, लिलावाआधी 'त्या घरावर केस आहे, पडू नका' अशी अफवा उठणे, यांतले दोन योग जुळले की शंका घ्यावी. नोटिशीत गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर वा चतुःसीमा चुकीच्या छापल्या तरी चांगली गिऱ्हाइके दूर राहतात. आणखी एक चलाखी म्हणजे कोणी भरमसाट बोली करून पैसेच भरत नाही. लिलाव फसतो आणि पुढच्या वेळी राखीव किंमत उतरण्याची शक्यता असते. अशा माणसाची भरलेली रक्कम जप्त होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती योग्य ठरवली आहे.

करायचे काय? घरमालकाने राखीव किंमत वाचताच स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या व्हॅल्युअरचा अहवाल घ्यावा आणि बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. तोंडी बोलण्याला बँकेत किंमत नाही, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. लिलाव झाल्यावर बोलीचा तक्ता लेखी मागावा. कोणती बोली किती वाजून किती सेकंदांनी आली हे संगणकात नोंदलेले असते. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत ४५ दिवसांची आहे आणि आपल्याला त्यासाठी पुण्याला जावे लागते. संगनमताची बोली स्पर्धा कायद्यानेही निषिद्ध आहे, पण एका घरासाठी दिल्लीचा आयोग गाठणे सामान्य माणसाला झेपणारे नाही. पैसे भरून घर सोडवायचे असेल तर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच भरावेत. बाफना मोटर्स खटल्यात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोटीस प्रसिद्ध झाली की सोडवणुकीचा हक्क संपतो. पूर्वीसारखे शेवटच्या दिवशी धावत जाणे आता उपयोगी नाही. आणि घर घेणाऱ्याने अनामत बँकेने नोटिशीत दिलेल्या मार्गानेच भरावी. फोनवरून कोणी सांगितलेल्या खात्यावर एक रुपयाही पाठवू नये.

दुसऱ्या ओळखीच्या घराची हकिगत वेगळी झाली. त्या बाईंनी नोटीस छापून येताच लाजेने दार लावून घेतले नाही. स्वतः शेजारपाजारी, नातेवाइकांत आणि मुलाच्या कारखान्यात सांगत फिरल्या, की आमचे घर लिलावात आहे, कोणाला घ्यायचे असेल तर येऊन बघा, कागद मी दाखवते. एक शिक्षक दांपत्य तयार झाले. त्यांनी अनामत भरली. लिलावात ठरवून आलेले दोघे होतेच, पण हे तिसरे खरे गिऱ्हाईक बोलत राहिले. वेळ पाच-पाच मिनिटांनी नऊ वेळा वाढली. १८ लाखांची राखीव किंमत २३ लाख ४० हजारांवर जाऊन थांबली. कर्ज फिटून जे उरले त्यातून बाईंनी भाड्याच्या घराची अनामत भरली.